दोन टाक्यांचा ट्रॅक्टर

आमच्या घराची वाटणी १९७४ साली झाली. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, बैल वाटले, आजीची तांब्या-पितळेची भांडी दोन ढिगांत मांडून चिठ्ठ्या टाकल्या. पाटा एकाकडे गेला तर वरवंटा दुसऱ्याकडे जाईल की काय, इतकी ईर्षा होती. एकच वस्तू वाटली गेली नाही. आबांचा फर्ग्युसन ट्रॅक्टर. तो कुणालाच नको होता. तात्या म्हणाले, "ज्यानं बिघडवला त्यानं न्यावा." माझे वडील म्हणाले, "मी बिघडवलेला न्हाई, मी का नेऊ?" मग तो होता तिथंच राहिला. वाटणीची भिंत घालताना गवंड्यानं विचारलं, शेडमधून कशी काढू? तेव्हा भिंत शेडपर्यंत आणून थांबवली आणि शेडच्या पलीकडून पुन्हा सुरू केली. एक्केचाळीस वर्षं तो ट्रॅक्टर दोन्ही घरांच्या मधोमध, कुणाचाच नसल्यासारखा उभा होता.

तो का बंद पडला होता, याचा शोध शेवटी २०१५ साली लागला. ती हकीकत सांगायची तर आधी तो आला कसा आणि चालायचा कसा, हे सांगायला पाहिजे. आज ज्यांनी फक्त डिझेलचे ट्रॅक्टर पाहिलेत त्यांना दोन टाक्यांचा ट्रॅक्टर माहीत असायचं कारण नाही.

आमचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचं. १८८५ पासून हा कालवा वाहतोय. काळी, खोल रानं. पाणी आलं, ऊस आला, आणि पाण्याबरोबर हरळीही आली. हरळी मारायची तर खोल नांगरट पाहिजे, आणि काळ्या रानात खोल नांगरट म्हणजे लोखंडी नांगराला चार-चार, पाच-पाच जोड्या. एवढे बैल एका घरात नसत. मग सावड करायची किंवा इर्जिक घालायची. गावातले दहा-पंधरा नांगर एका रानात, रात्री चांदण्यात नांगरट, आणि घरधनी सगळ्यांना जेवण घालणार. आबा इर्जिकीच्या गोष्टी सांगताना खुलत असत. पण त्यातली दुसरी बाजूही तेच सांगत: ज्याच्याकडे बैल नाहीत त्याचं रान सगळ्यांत शेवटी नांगरलं जायचं, आणि तोवर वाफसा गेलेला असायचा.

लोखंडी नांगरही काही सहज आलेला नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर केले, तेव्हा शेतकरी म्हणत की लोखंडानं जमिनीला विष चढतं. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढच्या दोन पिढ्यांत त्याच नांगराशिवाय शेतकऱ्याचं पान हलेना. आबांच्या वडिलांनी तो नांगर घेतला तेव्हा भावकीनं नावं ठेवली होती. म्हणून आबांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा नावं ठेवणाऱ्यांकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

ट्रॅक्टर आपल्या देशात स्वातंत्र्याच्या सुमारास जरा मोठ्या संख्येनं यायला लागले. आधी आले ते अमेरिकन लष्कराचे उरलेसुरले. सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली. मध्य भारतातली कांस गवतानं व्यापलेली लाखो एकर जमीन मोडायचं काम तिच्याकडे होतं. जागतिक बँकेनं भारताला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी एक, १९४९ सालचं एक कोटी डॉलरचं, याच कामाच्या यंत्रांसाठी होतं. पण ती सगळी अजस्र यंत्रं. दहा-वीस एकरवाल्या बागायतदाराला लागणारा ट्रॅक्टर वेगळा. तो विलायतेतून आला, राखी रंगाचा, छोटासा.

हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं किंवा दांडीनं ओढला जायचा, बैलामागं ओढावा तसा. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायची आणि तो मागं उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा. फर्ग्युसननं नांगर तीन ठिकाणी जोडला आणि तेलाच्या दाबावर वर-खाली होईल असा केला. नांगराला जोर लागला की तोच जोर मागच्या चाकांवर वजन बनून बसतो आणि चाक घसरत नाही. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं हीच तीन जोडांची पद्धत आहे. हे तंत्र त्यानं १९३८ साली हेन्री फोर्डला दाखवलं आणि दोघांनी कागद न करता नुसता हातात हात देऊन करार केला. पुढं फोर्डच्या नातवानं तो मोडला. कोर्टकज्जे झाले आणि १९५२ साली साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटलं. तोंडी व्यवहार आणि पुढच्या पिढीची भांडणं, हे काही फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

तो फोर्डपासून वेगळा झाला तेव्हा त्याचा राखी ट्रॅक्टर इंग्लंडात कव्हेंट्रीला बनत होताच. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर तिथं बनले. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचला, तो पट्टे चढवलेल्या याच जातीच्या ट्रॅक्टरवरून. आम्हाला हे शाळेत कुणी सांगितलं नाही, नाहीतर शेडमधल्या त्या धुडाकडे आम्ही जरा आदरानं पाहिलं असतं.

आबांनी १९५७ साली एका बागायतदाराकडून तो जुना घेतला. थोरले चुलते, म्हणजे तात्या, तेव्हा एका साखर कारखान्याच्या शेतीवर ट्रॅक्टर चालवायला होते. ती नोकरी सोडून ते घरी आले. पहिल्या दिवशी आजीनं ट्रॅक्टरला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बैलांच्या दावणीकडे तोंड करून म्हणाली, "तुम्ही नाराज होऊ नगा."

आता दोन टाक्यांची गोष्ट. या ट्रॅक्टरच्या तीन जाती होत्या: पेट्रोलवर चालणारी, डिझेलवर चालणारी, आणि आमच्यासारखी पेट्रोल-रॉकेलची. रॉकेल स्वस्त, म्हणून ही तिसरी. पण थंड इंजिनात रॉकेलची वाफ होत नाही. ते ओलंच आत जातं आणि पेटत नाही. म्हणून टाकीत दोन कप्पे, एक छोटा पेट्रोलचा, एक मोठा रॉकेलचा, आणि खाली एक तोटी. सकाळी तोटी पेट्रोलवर ठेवून गाडी चालू करायची, इंजिन चांगलं तापू द्यायचं, मग तोटी रॉकेलवर फिरवायची. दिवसभर रॉकेल. संध्याकाळी काम संपत आलं की बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर घ्यायची, म्हणजे नळीतलं आणि कार्बोरेटरमधलं रॉकेल जळून जातं आणि सकाळसाठी तिथं पेट्रोल उरतं. हे विसरलं तर दुसऱ्या दिवशी गाडी चालू व्हायचं नाव घेत नाही. प्लग काढावेत, पुसावेत, चुलीवर गरम करावेत, कार्बोरेटर रिकामा करावा, तेव्हा कुठं.

तात्यांचा याबाबतचा कटाक्ष गावभर प्रसिद्ध होता. ट्रॅक्टर घराकडे वळला की ते मागच्या ओढ्यापाशीच तोटी फिरवायचे. आम्हा पोरांना त्यांनी इंजिनचा क्रमही पाढ्यासारखा शिकवला होता. चार सिलिंडर कोणत्या क्रमानं पेटतात? एक-तीन-चार-दोन. त्यांनी "एक" म्हटलं की आम्ही ओरडायचं, "तीन, चार, दोन!"

पण तोवर काळ बदलत होता. १९५९ साली आयशरनं देशातला पहिला ट्रॅक्टर फरिदाबादला बनवला. मग टाफे आला, महिंद्रा आला. सगळे डिझेलवाले. डिझेलच्या इंजिनात प्लग नाही, कॉइल नाही, ठिणगी नाही. हवाच इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. कमी कटकटीचं आणि कमी खर्चाचं काम. तालुक्याला गॅरेजं निघाली ती डिझेलची, पोरं शिकून तयार झाली ती डिझेलवर. १९७३ च्या अखेरीला अरब देशांनी तेल आवळलं आणि पेट्रोलचे भाव एकदम चढले. आमच्या घरात सकाळच्या लिटरभर पेट्रोलवरूनही कुरबुर व्हायला लागली. वडिलांवर घरखर्चाचा हिशेब होता. ते म्हणायचे, "संध्याकाळी पेट्रोल जाळता कशाला?" तात्या म्हणायचे, "तुला गाडीतलं काय कळतंय?"

१९७४ चा दसरा झाला होता. ज्वारीच्या पेरणीची ऐन घाई. तात्यांना ताप होता म्हणून त्या दिवशी वडिलांनी ट्रॅक्टर चालवला. मी तेरा वर्षांचा होतो, माळावरून त्यांच्याबरोबर मडगार्डवर बसून घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांनी सेल्फ मारला. या गाडीला सेल्फचं वेगळं बटण नाही, गिअरचा दांडाच एका बाजूला रेटला की सेल्फ लागतो. इंजिन फिरलं, चालू झालं नाही. बॅटरी उतरली. मग तात्या हँडल मारायला लागले. चार-पाच वेळा मारलं, आणि अचानक एकदाच इंजिन धडकन पेटलं आणि हँडल उलटं आलं. तात्यांचं मनगट मोडलं. तो आवाज मला अजून आठवतो.

त्यानंतर गाडी पेटली नाही, एकदाही नाही. प्लग काढले तर चारही ओले, रॉकेलच्या वासाचे. तात्यांनी हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढरा पडलेला, त्यांनी वडिलांना विचारलं, "तोटी फिरवली होतीस का?" वडील म्हणाले, "फिरवली होती." "मग हे काय?" आणि प्लग त्यांच्या अंगावर फेकला.

तालुक्याहून मिस्त्री आणला. तो डिझेलचा माणूस. त्यानं नळ्या सोडल्या, टाकी पाहिली, ओले प्लग पाहिले आणि तात्यांचीच री ओढली: "रॉकेल चढलंय." कुणीतरी विचारलंसुद्धा की करंट येतोय का बघा. त्यावर आजूबाजूचे दहाजण म्हणाले, करंट नसता तर हँडल उलटं आलं असतं का? तात्यांचा हात मोडला तो काय भुतानं? ते बरोबरच वाटत होतं. तीन दिवस गेले, वाफसा उडाला, भाड्यानं बैल आणून पेरणी केली. त्या पेरणीत भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. मग वाटणी झाली.

नुसत्या ट्रॅक्टरनं घर फुटत नाही, हे मला आता कळतं. पेट्रोलचा भाव होता, आबा थकले होते, दोन चुली आधीच मनातून वेगळ्या झाल्या होत्या. पण कारण म्हणून जे सांगितलं गेलं ते हेच. "तुझ्या बापानं मोडलं घर," हे वाक्य मी चुलत भावंडांकडून शाळेत ऐकलं आहे. वडील १९९८ साली गेले. शेवटच्या आजारपणातही एकदा ते मला म्हणाले, "मी फिरवली होती तोटी." मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर माझा विश्वास नव्हता. मी त्या दिवशी मडगार्डवर होतो, आणि त्यांनी खाली वाकल्याचं मला आठवत नव्हतं.

२०१५ च्या उन्हाळ्यात तात्यांचा मुलगा, आमचा भाऊ, माझ्याकडे आला. शेड पडायला झाली होती. भंगारवाला ट्रॅक्टर किलोवर घ्यायला तयार होता. अकराशे किलोचं धूड. कागद आबांच्या नावावर, म्हणून माझी सही पाहिजे होती. मी म्हणालो, "भाऊ, मला पंधरा दिवस दे. एकदा बघू या तरी." तो हसला. "काय बघणार? मातीय ती." पण त्यानं पंधरा दिवस दिले.

मी चाचांकडे गेलो. चाचा पंच्याहत्तरीचे, पुण्यात टॅक्सी आणि फटफटींची कामं करून गावी परतलेले. त्यांचा सगळा जन्म पेट्रोलच्या गाड्यांत गेलेला. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं, "कुणी सेल्फ मारायचा नाही, हँडलला हात लावायचा नाही. बरीच वर्षं उभी गाडी जोर करून फिरवली की पिस्टनच्या रिंगा तुटतात. आधी बघू, इंजिन सुटं आहे का. मग करंट. मग पेट्रोल. मग हवा. या क्रमानं. मधलं एक सोडून पुढं जायचं नाही."

इंजिन सुटं नव्हतं. चारही प्लग काढून आत रॉकेल आणि इंजिन ऑइल मिसळून दोन-दोन चमचे सोडलं आणि चार दिवस हात लावला नाही. तेवढ्यात बाकीचं. चेंबरचा नट सोडला तर आधी चहासारखं पाणी आलं, मग काळं तेल. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घरटं केलेलं, तेच एअर क्लीनरच्या नळीत. रेडिएटरखाली उंदरांचं चिंध्यांचं घर, आणि प्लगच्या वायरी त्यांनी कुरतडून टाकलेल्या. पेट्रोलच्या कप्प्याच्या तळाशी गुळाच्या काकवीसारखा थर. पेट्रोल उडून जातं आणि मागं हे उरतं. त्याला जुन्या वार्निशचा वास येतो. टाकी काढून आत बारीक खडी आणि रॉकेल घालून दोघांनी सुपासारखी घोळली, तेव्हा गंज सुटला. कार्बोरेटरच्या छिद्रांत भाऊ तार घालायला निघाला तर चाचांनी हातावर चापट मारली. "छिद्र मोठं झालं तर जन्मभर काळा धूर. हवा मार."

तोटी मी पाहिली, सगळ्यात आधी. ती रॉकेलवर होती.

मी कुणाला काही बोललो नाही. भाऊनंही पाहिली होती, तोही बोलला नाही. एक्केचाळीस वर्षांत पोरं त्या ट्रॅक्टरवर खेळली, कोंबड्या बसल्या, त्या मिस्त्रीनंही तेव्हा तीन दिवस ती फिरवली असेलच. त्या तोटीची साक्ष काही खरी नव्हे. पण मनात जे व्हायचं ते झालंच.

पाचव्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये घातली आणि चौघांनी मागच्या चाकाला धरून पुढं-मागं हेलकावली. पुढं इंचभर, मागं इंचभर. तासाभरानं कुठंतरी "टक" झालं आणि चाक फिरलं. चाचा म्हणाले, "झालं. जिवंत आहे."

मग करंट. भाऊच्या जीपची बॅटरी लावली. नव्या वायरी आणल्या, पण कोणती कोणत्या प्लगला? चाचा गाडीवरच्या खुणा शोधत होते, तेवढ्यात भाऊ हळूच म्हणाला, "एक-तीन-चार-दोन." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाचांनी एक प्लग वायरीला जोडून इंजिनच्या अंगाला टेकवला आणि मला हँडल हळू फिरवायला सांगितलं. ठिणगी नाही. डेल्कोचं झाकण काढलं. डेल्को म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीनं करंट वाटणारी डबी. आतले प्लॅटिनचे पॉइंट गंजलेले, ते बारीक पॉलिशपेपरनं घासले, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवली. ठिणगी नाही. कॉइल वेगळी काढून तपासली, चांगली. कंडेन्सर बदलला. तरी नाही.

चाचा बराच वेळ गप्प बसून राहिले. मग त्यांनी डेल्कोच्या आत पॉइंटकडे जाणारी वीतभरही नसलेली बारीक वायर दोन बोटांत धरली आणि हलकेच ओढली. बाहेरून वायर अखंड होती. ओढल्यावर तिचं आवरण मधेच रबरासारखं ताणलं. "हे बघ," चाचा म्हणाले. "आतून तुटलीय."

त्यांनी ती सोडवून माझ्या तळहातावर ठेवली. मूळची ती नव्हती. तिथं बारीक जाळीदार, लवचीक वायर असते. ही कडक तांब्याची, कापडाचं आवरण असलेली, घरातली कसलीतरी वायर कापून लावलेली. चाचा म्हणाले, "अशी कडक वायर इंजिनच्या थरथरीनं आतून तुटते. उभ्या गाडीत तुटत नाही. चालत्या गाडीत तुटते. आणि तुटली तरी टोकं मधेच एकदा चिकटतात, मग सुटतात. चिकटली की एकदा पेटणार, सुटली की बंद."

मी विचारलं, "एकदा पेटून हँडल उलटं येईल?"

"येईल की. आणि मग दिवसभर हँडल मारलंत तरी पेटणार नाही. तेल आत जात राहणार, प्लग ओले होणार. ओला प्लग दोन कारणांनी होतो: तेल वाईट असलं तर, नाहीतर करंट नसला तर. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं."

भाऊ शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

नवी वायर बसवली. प्लग टेकवला. निळी, टचटचीत ठिणगी आली. दुसऱ्या दिवशी दोन लिटर ताजं पेट्रोल घातलं. तोटी पेट्रोलवर. सेल्फची मोटर कामातून गेलेली, म्हणून हँडलच मारायचं होतं. तात्या तेव्हा शहाऐंशी वर्षांचे. ऐकू फारच कमी यायचं. भाऊनं त्यांची बाज शेडसमोर आणून टाकली होती. वाटणीनंतर आमच्या बाजूच्या माणसांसमोर ते असे बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. भाऊ हँडलला हात घालणार तेवढ्यात तात्यांनी बाजेवरून हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "अंगठा!" भाऊनं अंगठा काढून बोटांच्याच बाजूला घेतला. मुठीत अंगठा अडकवला की हँडल उलटं आल्यावर हात सुटत नाही. हे त्यांना ठाऊकच होतं. त्या पहाटे तापात आणि रागात विसरले असतील.

सातव्या की आठव्या फेऱ्याला इंजिन शिंकलं. मग पेटलं, पुन्हा विझलं. चाचांनी चोक अर्धा केला. पुढच्या वेळी ते पेटलं आणि पेटतच राहिलं. सायलेन्सरमधून मातीचे गोळे, उंदराच्या चिंध्या आणि पांढरा धूर निघाला. गल्लीतली पोरं पळाली. तात्यांना आवाज किती आला कुणास ठाऊक, पण त्यांनी पाय जमिनीवर टेकवले आणि तसेच ठेवले. जमीन थरथरत होती.

पाच मिनिटांनी चाचांनी गाडी बंद करायला सांगितली, पाणी गळत होतं. मी तात्यांजवळ गेलो आणि ती वायर त्यांच्या हातात दिली. कानाशी वाकून सांगितलं, "तात्या, तेव्हा ही तुटली होती. रॉकेलचं काही नव्हतं." त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. उलटसुलट करून पाहिली. दोन टोकांना धरून ओढली, आणि आवरण ताणलं तशी त्यांची बोटं थांबली.

"ही रेडूची वायर," ते म्हणाले. "मीच घातली हुती. बाहत्तरच्या दुष्काळात. छावणीला वैरण न्यायची हुती, पुण्याला जाऊन वायर आणायला पैसं कुणाकडं हुतं? म्हटलं, पाऊस पडल्यावर बदलू."

कुणी काही बोललं नाही. त्यांनी मोडून वाकडं बसलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बापाला दाखवायला पायजे हुती रं ही."

माझ्या वडिलांनी त्या संध्याकाळी तोटी फिरवली होती की नाही, हे मला अजूनही ठाऊक नाही. न फिरवलेली असली तरी गाडी त्यामुळं थांबलेली नव्हती, एवढंच नक्की. ओला प्लग सगळ्यांनी पाहिला. करंट कुणी पाहिला नाही. करंट पाहणारी माणसं तोवर आमच्या भागातून संपत आली होती हे एक. दुसरं म्हणजे, दोष कुणाचा हे ठरून गेल्यावर गाडीत शोधायला कोण वाकतो?

तात्या पुढच्या वर्षी गेले. ट्रॅक्टर आम्ही भंगारात घातला नाही. शेड नवी केली, खर्च निम्मा-निम्मा. महिन्यातून एकदा भाऊ किंवा मी त्याला दहा मिनिटं चालवतो. रॉकेल आता मिळतही नाही आणि आम्ही घालतही नाही. बंद करताना तोटी पूर्ण मिटतो आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत उभे राहतो. म्हणजे आत काही साचत नाही.